भुजंगदादा आपले कोण?

"तनुताई, एक विचारतो, हसू नको. भुजंगदादा आपले कोण लागतात?"

माझा चुलतभाऊ हरिओम फोनवर होता. मी नांदेडच्या घरी बारावीच्या इतिहासाच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि पोरांनी दोन लढाया एकाच सालात घातल्यामुळे आधीच डोकं तापलेलं होतं.

"सकाळी सकाळी हे काय खूळ घेतलंस? भुजंगदादा म्हणजे आपले..." असं म्हणून मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. पुढचा शब्द येईना.

"बोल की," हरिओम म्हणाला.

"अरे, तुमच्याकडचेच ना ते? दरवर्षी आबांच्या शेजारी बसायचे." आबा म्हणजे हरिओमचे वडील, माझे थोरले चुलते, बजरंगआबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

"आमच्याकडचे? अगं, मला वाटलं तुझ्या आईकडचे. नांदेडकडून येतात म्हणून."

"ते बिलोलीहून येतात. आणि माझी आई परभणीची आहे."

"आता गं?"

आता काय, ते मलाही कळेना. मी कॉलेजात इतिहास शिकवते. पेशव्यांची वंशावळ झोपेत विचारली तरी सांगीन. पण आमच्या घरच्या पंगतीला पंचवीस वर्षं बसणारा माणूस आमचा कोण, हे मला ठाऊक नव्हतं. मला हसू आलं, मग लाज वाटली, आणि लाज वाटली की माझं जे नेहमी होतं तेच झालं, म्हणजे मी हरिओमवरच चिडले.

"पण तुला आत्ताच कशाला पाहिजे हे?"

मग त्याने सांगितलं. गेल्या वर्षी भुजंगदादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून त्यांचा मुलगा आदर्श त्यांना गाडीतून घेऊन आला होता. आदर्श नांदेडला सोलर बसवायची कामं घेतो. हरिओमची थोरली वर्षाराणी लातूरला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिने त्या दिवशी आदर्शला जेवायला वाढलं, डोळ्यांत थेंब किती वेळानं टाकायचे ते समजावून सांगितलं, आणि पुढे वर्षभर ते थेंबांचं बोलणं फोनवर चालूच राहिलं.

"आता म्हणती, लगीन करीन तर त्याच्याशीच," हरिओम म्हणाला. "पोरगं चांगलं हाय, त्यात खोट न्हाई. पण ताई, भुजंगदादा भावकीतले निघाले तर ते दोघं बहीण-भाऊ झाले की! सोयरे असले तर बोलणी तरी करता येतील. मी लई परेशान होऊन राहिलो."

म्हणून हा प्रश्न. गंमतीचा वाटला तरी गंमतीचा नव्हता.

आमच्याकडे घर जमतं ते येळवसला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर शहरात चहाची टपरी उघडी सापडली तर शपथ, सगळी माणसं आपापल्या रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, मडक्यातली आंबील आणि भज्जी-उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग दिवस कलेपर्यंत खायचं. भज्जी म्हणजे तळलेली नव्हे, तुरीच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांपासून पालेभाजीपर्यंत रानात सापडेल ते घालून शिजवलेली. ती एकदा खाल्ली की माणूस दोन दिवस उठत नाही. उंडे म्हणजे बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे. वर्षभर एकमेकांची तोंडं न पाहणारे आम्ही पुण्या-नांदेडहून त्या एका दिवसासाठी येतो. दिवाळी चुकली तर कुणी विचारत नाही. येळवस चुकली तर वर्षभर ऐकावं लागतं.

आमचं शेत शिरूर अनंतपाळच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून. त्यामुळे आमच्या घरात एक जुना नेम आहे. येळवसच्या दिवशी आपल्या बांधावरून माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही. ओळखीचा असो, नसो, हाक मारायची. आणि जेवायच्या आधी त्याला 'तुम्ही कोण' असं विचारायचं नाही. आधी वाढायचं, मग गाव विचारायचं. जेवण झाल्यावर मात्र दोघंही इतके सुस्तावलेले असतात की गाव विचारायचं राहूनच जातं.

ही हाक मारायचं काम पूर्वी आबांचं होतं. त्यांचा आवाज बसला तेव्हापासून ते भुजंगदादांकडे आलं. कोपीच्या तोंडाशी पोत्यावर मांडी घालून बसायचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, डोक्याला रुमाल. मोटारसायकल दिसली की उभे राहायचे आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचे, "ओऽ पावनं! जेवायला याऽ!" त्यातलं 'या' इतकं लांब जायचं की गाडीवाल्याला ब्रेक मारण्यावाचून गत्यंतर नसायचं. गाडीवाला म्हणायचा, "आत्ताच जेवलो!" ते तसं म्हणायचंच असतं. दादा म्हणायचे, "मग एक उंडा तरी खा!" असे एकेक उंडा खायला आलेले लोक संध्याकाळपर्यंत हलायचे नाहीत.

नोकरी त्यांची जमिनीच्या मोजणीची. सुरुवातीची काही वर्षं शिरूरला होते, मग देगलूर, मग घरापाशी बिलोलीला, आणि आता निवृत्त. पण बदली कुठेही होवो, येळवसला माणूस हजर. हातात पिशवी आणि पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी. ते लोणचं वहिनींच्या हातचं. वहिनींना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. दरवर्षी विचारलं की दादा सांगायचे, "तिचे गुडघे दुखायलेत." पंचवीस वर्षं बाईचे गुडघे दुखत होते आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आबा गेले तेव्हा दादा सकाळच्या पहिल्या गाडीनं आले होते. आबांना खांदा देणाऱ्यांत ते पुढे होते. मला चांगलं आठवतं, कारण ते रडत होते आणि हरिओम त्यांना धीर देत होता.

हरिओम आणि मी त्यांना दादा म्हणतो. दादा या हाकेचं बरं असतं, तिच्यात कुणीही मावतं. गोंधळ पुढच्या पिढीत होता आणि तोही आम्हाला कधी दिसला नाही. हरिओमच्या एकाच घरात वर्षाराणी त्यांना काका म्हणे आणि तिचा धाकटा भाऊ प्रेम त्यांना मामा म्हणे. दादा दोन्ही हाकांना ओ देत. आडनावाचा काही उपयोग नव्हता. तेही पाटील, आम्हीही पाटील. आमच्या मुलखात पाटील सांगून काय कळतं?

मी फोनाफोनी सुरू केली. आई म्हणाली, "ते बजरंगभावजींच्या मामाच्या घरचे असतील बाई. भावजींचा लई जीव होता त्यांच्यावर." मुरुडला माझी आत्या असते, सिंधुआत्या. तिच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आम्हाला तर वाटायचं ते तुमचे जावई हायत. मान लई देतात ना त्यांना." पुण्याच्या चुलतबहिणीने उलट मलाच झापलं, "तनू, तुला एवढंही माहीत नाही?" आणि मग, "थांब हं, आईला विचारून सांगते," असं म्हणून जी गेली ती गेलीच.

वाचणारा म्हणेल, त्यांनाच का नाही विचारलं? विचारून बघा. पंचवीस वर्षं ताटाला ताट लावून जेवलेल्या माणसाला, ज्याने तुमच्या चुलत्याला खांदा दिला त्याला, 'बरं, तुम्ही कोण?' हे कोणत्या तोंडानं विचारायचं? हरिओमने दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला. शेवटी ठरलं की सिंधुआत्यालाच विचारायचं. घरातली सगळ्यात मोठी तीच उरली आहे. पण तिला ऐकू कमी येतं, फोनवर तर ती फक्त स्वतःचंच ऐकते. म्हणून विचारायचं ते येळवसलाच, रानात, कानाशी लागून.

येळवसला मी अहमदपूरमार्गे पोचले तेव्हा कोप उभी होती आणि भुजंगदादा आपल्या जागेवर होते. आदर्श गाडीपाशी उगाच काच पुसत होता. वर्षाराणी कोपीत उंडे मांडत होती आणि तिची नजर एकदाही गाडीकडे गेली नाही, इतकी काळजी ती घेत होती. दादांनी मला पाहून हात जोडले. "आलीस? बरं झालं," एवढंच म्हणाले. एरवी ते माझ्या गाडीलाही ओरडून हाक मारतात, ओळखत असूनसुद्धा. त्या दिवशी रस्त्यावरून दोन मोटारसायकली गेल्या आणि दादा बसून राहिले. तिसऱ्या गाडीला त्यांनी हाक मारली ती धड बांधापर्यंतही गेली नाही. त्यांना सगळं कळलेलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. काय कळलंय ते मात्र कळत नव्हतं.

पूजा झाली. हरिओमने शेताला फेरी मारून आंबील शिंपडली, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणून आम्ही त्याच्यामागे ओरडलो. याचा अर्थ आमच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. पोरं ओरडतात, म्हातारे ओरडतात. आमच्या घरात न समजता चाललेल्या गोष्टी किती आहेत, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

ताटं मांडायला घेतली आणि हरिओम आत्याच्या कानाशी लागला. त्याच्या मते तो कुजबुजत होता. "आत्या, भुजंगदादा आपले कोण लागतात?"

"कोन? भुजंग?" आत्या सगळ्या शेताला ऐकू जाईल अशी म्हणाली. "आरं, कोन म्हंजे? इतके दिस काय झोपलाव व्हय तुम्ही?"

आत्याने डोळे मिटले. ती आठवत होती की रचत होती, हे देवालाच माहीत. "आमच्या आजाचा धाकला भाऊ व्हता. भावाभावात तंटा झाला आन् त्यो रागानं बिलोलीकडं निघून गेल्ता. पुन्हा फिरून आला न्हाई. त्येच्या खानदानातला ह्यो भुजंग. नाक बघा की त्येचं! हे नाक दुसऱ्या कुन्या घरात हाय का?"

आम्ही सगळ्यांनी दादांच्या नाकाकडे पाहिलं. आणि काय सांगू, मला ते नाक दिसलं. बजरंगआबांचंच नाक, तेच टोक, तोच बाक. पंचवीस वर्षं दिसलं नव्हतं ते लख्ख दिसलं. इतिहास असाच लिहिला जातो, हे मी पोरांना शिकवते, आणि मीही त्यांच्यासारखीच मान डोलवत होते.

आत्या उठून त्यांच्यापाशी गेली. त्यांच्या रुमालावर हात ठेवून म्हणाली, "रक्ताचा हाय आमच्या. आजाचा तंटा ह्येनं मिटवला म्हना."

दादांचे डोळे भरून आले. त्यांनी आत्याचा हात डोक्यावरून खाली घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. त्यांना ते हवं होतं, फार हवं होतं, हे माझ्यासारखीला, म्हणजे माणसांकडे फारसं न बघणारीलाही दिसलं. त्याच वेळी कोपीत परात खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि वर्षाराणी पाठ करून उभी राहिली. आदर्शच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

"मिटलं मग," हरिओम हळू आवाजात म्हणाला. "भावकी ती भावकी. वर्षा, ताटं वाढ."

ताटं कुणी वाढली नाहीत. दादा आदर्शकडे बघत होते, मग आत्याकडे, मग पुन्हा आदर्शकडे. एक शब्द न बोलता बसून राहिले असते तर ते जन्मभरासाठी आमचे झाले असते. नाव, नाक, रक्त, सगळ्यासकट.

"आत्या," ते म्हणाले, "हे नाक माझ्या आईचं हाय. ती कंधारची."

"काय म्हनतो?"

"मी तुमचा कोनीच न्हाई." हे मात्र ते अशा आवाजात म्हणाले की आत्यालाही ऐकू गेलं.

मग त्यांनी सांगितलं. नवी नोकरी होती, शिरूरला येऊन महिना झालेला. कचेरीत बसवंत नावाचे सहकारी होते, त्यांनी येळवसला बोलावलं. बिलोलीला दादांच्या घरी येळवस कधी नव्हती, त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. "बसवंतरावानं सांगितलं, डांबरीला लागून शेत, मोठं चिंचेचं झाड, झाडापाशी कोप. मी झाड बघितलं, आन् इकडं तिकडं बघायच्या आत आबानं हाक मारली, ओऽ पावनं! मला वाटलं हे बसवंतरावाचे वडील. पाय धुतले, बसलो, वाढलं, खाल्लं. दुसऱ्यांदा वाढताना इचारलं, बसवंतराव दिसंनात? तर आबा म्हनले, ते काय, झाडापलीकडं, त्यांच्या रानात. तवा ध्यानात आलं. उंडा हातातच व्हता."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच थांबलं.

"मग सांगायचं नाही का?" मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्याहून चढा निघाला.

"काय सांगू ताई? मी मोजनीवाला. लोकायच्या बांधाचे दगड दाखवायचं माझं काम. आन् मीच बांध चुकलो? कचेरीत जगू दिलं नसतं मला." त्यांनी रुमाल काढून मांडीवर ठेवला. "निघताना आबा म्हनले, पुढच्या येळवसला बी या बरं का. आबा सगळ्यांनाच म्हनत असतील. पन मला तसं कोनी म्हटलं नव्हतं. आमच्या घरी तिघं भाऊ, तीन चुली, एकमेकाच्या दारावरून जाताना मान खाली घालून जातो. म्हनून आलो. दुसऱ्या साली तुम्ही दादा म्हनलाव. मग लेकरं काका म्हनली, मामा म्हनली. मी तुमचा हाय असं मी एकदाबी म्हटलो न्हाई. पन न्हाई, असंबी म्हटलो न्हाई."

"आणि वहिनी?" मी विचारलं. "गुडघे?"

"तिचे गुडघे धडधाकट हायत. बाया एका जागी बसल्या की पाच मिनिटांत माहेर-सासर सगळं काढतात. मानसं इचारत न्हाईत. म्हनून तिला कवा आनलं न्हाई."

हे शंभर टक्के खरं होतं. बोलला तो हरिओम. तो तापत नाही, पण तापला की त्याला शब्द सापडत नाहीत. "माझ्या बापाला खांदा दिलाव तुम्ही," तो म्हणाला. "कोन म्हनून दिलाव?"

दादा उठले, पोत्याच्या कडेची चप्पल शोधली, ती उलटी घातली, पुन्हा सुलटी घातली आणि बांधावरून रस्त्याकडे चालू लागले. लोणच्याची बरणी तिथेच राहिली. आदर्श दोन पावलं त्यांच्यामागे गेला, थांबला, वर्षाराणीकडे पाहिलं, पुन्हा वडिलांकडे पाहिलं. त्याला कुठे जायचं ते कळेना. आणि आम्हाला काय वाटायला पाहिजे ते आम्हाला कळेना. लग्नातली अडचण आत्ताच संपली होती, म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पंचवीस वर्षं आम्ही फसलो होतो, म्हणजे राग यायला हवा होता. पण कुणी फसवलं म्हणावं तर त्यांनी काही सांगितलंच नव्हतं, आम्हीच सगळं मानून घेतलं होतं. मला राग आला होता की रडू, ते मला आजही सांगता येत नाही.

"जेवला का त्यो?" आत्याने विचारलं.

"कोण?"

"आता ज्यो उठून गेला त्यो. जेवला का?"

ताटंच वाढली नव्हती तर जेवणार कसे? तसं मी तिच्या कानात सांगितलं.

"मग बसलाव काय? येळवसच्या दिशी आपल्या बांधावरून मानूस उपाशी चाललाय! हाक मारा की कोनी!"

आणि इथे आमची खरी पंचाईत झाली. हाक मारायचं काम भुजंगदादांचं होतं. ते नसताना ते कुणी करायचं, हे कधी ठरलंच नव्हतं. आणि मारायची तरी काय म्हणून? हरिओमने तोंड उघडलं. 'दा' इतकंच आलं आणि तो थांबला. प्रेम म्हणाला, "मामा?" आणि त्याने बापाकडे पाहिलं. वर्षाराणी काका म्हणायला तयार नव्हती, आता तर मुळीच नाही. घरातली एवढी माणसं उभी होती आणि एका माणसाला हाक मारायला आमच्यापाशी शब्द नव्हता.

दादा रस्त्यावर पोचले होते. तेवढ्यात चिंचेच्या पलीकडून आवाज आला.

"ओऽ पाटील! अहो इकडं! इकडं याऽ!"

बसवंतराव होते. आता म्हातारे झालेत, काठी घेऊन आपल्या बांधावर उभे. इतक्या वर्षांत दादा त्यांना रस्त्यावर एकटे असे पहिल्यांदाच दिसले असावेत. "तुमाला मी बोलावल्तो की! मला काय ठाव तुम्ही त्यायचे पावने निघताव! या आता तरी, ताट वाढलंय!"

दादा चिंचेखाली थांबले. एका हाताला आमचं रान, दुसऱ्या हाताला बसवंतरावांचं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या जागी चुकले होते तीच जागा. त्यांनी बसवंतरावांच्या बाजूला वळून बघितलं आणि एक पाऊल टाकलं.

हरिओम अनवाणी पळत सुटला. हरभऱ्यातून, आडवा, पीक तुडवत. दुसऱ्या कुणी तसा तुडवला असता तर त्याने पाय मोडले असते. बांधावर पोचून त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ओऽ पावनं! जेवायला याऽ!"

ती हाक आबांची होती. दादांनी ती आबांकडून घेतली होती आणि हरिओमने दादांकडून, स्वतःला न कळता. 'या' तितकंच लांब गेलं.

दादा थांबले. माणसाला सवय किती असते बघा, त्यांच्या तोंडून निघालं, "आत्ताच जेवलो!"

"कुठं जेवलास रं लबाडा?" कोपीतून आत्या ओरडली. तिला हे कसं ऐकू गेलं ते विचारू नका. "एक उंडा तरी खा!"

बसवंतराव तिकडून, हरिओम इकडून. शेवटी दादा बसवंतरावांच्या बांधावर गेले, उभ्या उभ्याच त्यांच्या ताटातला एक उंडा खाल्ला, त्यांना हात जोडले आणि मग त्यांनाच सोबत घेऊन आमच्याकडे आले. पाय धुवायला पाणी हरिओमने दिलं. पाहुण्याला देतात तसं, तांब्याने, वाकून. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

पाच मिनिटांनी आत्याने पहिला प्रश्न विचारला. पंचवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता तो. "देवक कोनतं तुमचं?"

"मोर."

"आमचं कळंब." आत्याने हरिओमकडे पाहिलं. लग्नाला आड येणारं काही उरलं नव्हतं. मग ती दादांना म्हणाली, "बायकूला घेऊन ये. पुढल्या येळवसला न्हाई, येत्या ऐतवारी. माझ्यापाशी बसव तिला, म्या सगळं इचारते."

कोपीच्या मागून वर्षाराणीच्या नाक ओढण्याचा आवाज आला. आदर्श इतका वेळ उभा होता तो आत्ता खाली बसला.

मी भज्जीचं पातेलं उचललं. दादांच्या ताटाशी वाकले, त्यांच्याच घरच्या बरणीतली लोणच्याची फोड आधी वाढली आणि "वाढू का," असं म्हणून पुढे थांबले. काका, मामा, पाहुणे, व्याही, तोंडात एकही बसेना. पळी हातात तशीच राहिली.

दादांनी ताटातून मान वर केली नाही. "दादाच म्हन," ते म्हणाले. "ते कुनालाबी म्हनता येतं. आन् भज्जी जरा जास्त वाढ."